केईएम वर टाकलं म्हणून नांदेड हातचं जात नाही: एमबीबीएसचा पसंतीक्रम समजून घेताना

नीटचा, म्हणजे एमबीबीएसच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ज्या घरात बारावी झालेलं पोर आहे, त्या घरात पुढचे दोन-तीन महिने कटऑफशिवाय दुसरा विषय नसतो. परीक्षा एकट्या मुलाने दिलेली असते, पण कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरायला अख्खं घर बसतं. मामा, शेजारचे डॉक्टर, क्लासचे सर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे चार ग्रुप, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कुठल्याही सायबर कॅफेत जाऊन उभं राहा. हातात मागच्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट, तिच्यावर हिरव्या-लाल हायलायटरचे पट्टे, आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला विचारणारे वडील दिसतील: "अरे, केईएम पहिलं टाकलं तर नांदेड हातचं जाईल का?" पोरगा म्हणतो, "काका, रिस्क आहे."

रिस्क अजिबात नाही. पण ती का नाही, हे कळायला आधी एक-दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

आधी गुण विसरा

नीटचा पेपर ७२० गुणांचा. १८० प्रश्न, त्यात ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकचे आणि ४५ रसायनचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ पुढे होतो, कारण आपण या गुणांकडे दहावी-बारावीच्या टक्क्यांसारखं बघतो.

६०० गुण चांगले की वाईट? २०२४ साली ६०० किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारी मुलं देशभरात ऐंशी हजारांच्या घरात होती. २०२५ साली पेपर, त्यातही भौतिकशास्त्र, असा काही निघाला की तेवढ्याच गुणांच्या वर जेमतेम तेराशे मुलं उरली, आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. म्हणजे एका वर्षी ज्या गुणांवर सरकारी कॉलेज मुश्कील, त्याच गुणांवर पुढच्या वर्षी जवळपास कुठलंही दार उघडतं. त्यामुळे "आमच्या भाच्याला ५८० ला मिळालं होतं" या वाक्याला काही अर्थ नाही. भाच्याचा ऑल इंडिया रँक काय होता, तेवढं विचारा. प्रवेश रँकवर होतो. गुण फक्त रँक ठरवायच्या कामाचे.

दुसरा घोळ 'क्वालिफाय' या शब्दाचा. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ५० वा पर्सेंटाइल लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या मागे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलं आहेत, तो आकडा. ५० वा पर्सेंटाइल म्हणजे निम्मी मुलं तुमच्या मागे. २०२५ मध्ये ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर आली. सुमारे २२ लाख मुलं परीक्षेला बसली, त्यातली १२ लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. खाजगी, सरकारी सगळ्या धरून. पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊंना एमबीबीएसची जागा मिळत नाही. पेढे वाटायला हरकत नाही, पण एवढं ठाऊक असू द्यावं.

रांगा दोन आहेत

महाराष्ट्रातल्या मुलाला एकाच रँकवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्ज करता येतो. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, पैसे वेगळे, वेळापत्रक वेगळं.

पहिली रांग दिल्लीची. मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी. देशातल्या सरकारी कॉलेजांमधल्या १५ टक्के जागा (हाच 'ऑल इंडिया कोटा'), सगळी एम्स, पुदुच्चेरीचं जिपमेर, शिवाय अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा ती भरते. एम्स आणि जिपमेरची वेगळी परीक्षा २०१९ नंतर बंद झाली, हे अजूनही कित्येक पालकांना माहीत नसतं.

दुसरी रांग मुंबईची, राज्याच्या सीईटी सेलची (सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची). सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांमधल्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातल्या खाजगी कॉलेजांच्या जागा इथून भरल्या जातात. या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं आणि साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावून बारावीही तिथल्याच शाळेतून दिली, तर राज्याच्या रांगेतून नाव जाऊ शकतं. अकरावीला तिकडे नाव घालताना हा नियम कुणी सांगत नाही, आणि नंतर सांगून उपयोग नसतो.

पूर्वी राज्यात ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागणी करून ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना मिळायच्या. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. आता लातूरची मुलगी आणि ठाण्याचा मुलगा राज्याच्या एकाच यादीत उभे असतात. मागच्या पिढीतल्या डॉक्टरांचे सल्ले ऐकताना हे ध्यानात ठेवावं. ते सांगतात ते त्यांच्या वेळचं असतं.

मूळ मुद्दा: कॉम्प्युटर काय करतो?

वर्गात नवीन बाकं आली आहेत असं समजा. सर मुलांना हजेरी क्रमांकाने एकेक करून आत बोलावतात. जो आत येतो तो मोकळ्या बाकांपैकी त्याला सर्वात आवडणारं बाक घेतो आणि बसतो. मग पुढचा नंबर. जागावाटप एवढंच आहे. हजेरी क्रमांकाच्या जागी रँक, आणि मुलगा स्वतः हजर नसल्यामुळे त्याच्या आवडीची यादी आधीच लिहून घेतलेली.

आता हे खऱ्या कॉलेजांवर करून बघू. समजा जागा तीनच: एक मुंबईच्या केईएममध्ये, एक पुण्याच्या बी. जे. मध्ये, एक नांदेडच्या सरकारी कॉलेजात. मुलं चार, रँकच्या क्रमाने: ओंकार, सायली, तन्वी, इरफान. ओंकारची यादी: केईएम, बी. जे. सायली नांदेडची, तिची यादी: केईएम, नांदेड, बी. जे. तन्वीने घाबरून नांदेड पहिलं टाकलंय, खाली बी. जे. इरफानची यादी: केईएम, बी. जे., नांदेड.

कॉम्प्युटर ओंकारला घेतो. केईएम मोकळं, दिलं. मग सायली. केईएम गेलेलं, दुसरी पसंती नांदेड, मोकळं, दिलं. आता तन्वी. तिने नांदेड पहिल्या क्रमांकावर टाकलं होतं, सायलीने दुसऱ्या. तरी नांदेड सायलीला गेलं, कारण सायलीची पाळी आधी आली. तन्वीला बी. जे. मिळालं. इरफान या फेरीत रिकाम्या हाताने राहिला.

केईएम वर टाकल्याने सायलीचं काय गेलं? काहीच नाही. कुठलं कॉलेज तुम्ही कितव्या नंबरवर टाकलंत याकडे कॉम्प्युटर 'निष्ठा' म्हणून बघत नाही. "हिने आम्हाला पहिली पसंती दिली, म्हणून हिला आधी" असा प्रकार या पद्धतीत नाही.

आता घाबरलं की काय होतं ते बघा. समजा ओंकारला दिल्लीच्या रांगेतून नागपूरचं एम्स मिळालं आणि तो या यादीतून बाहेर पडला. सायलीने यादी मनाप्रमाणे भरली असेल, तर तिला केईएम मिळतं, तन्वीला नांदेड आणि इरफानला बी. जे. पण "रिस्क नको" म्हणून सायलीने नांदेड पहिलं टाकलं असतं, तर तिला नांदेड मिळालं असतं, तन्वीला बी. जे., आणि केईएम चौथ्या क्रमांकाच्या इरफानला. तिच्या मागे दोन नंबर असलेल्या मुलाला. असं दर वर्षी घडतं, आणि लोक त्याला नशीब म्हणतात.

म्हणून यादी भरायची ती आवडीच्या खऱ्या क्रमाने. ज्यावर तुमचं मन आहे ते वर, मग त्याचा कटऑफ तुमच्या रँकच्या कितीही पुढे असो.

आरक्षणाने हा हिशोब बदलत नाही, फक्त प्रत्येक पसंतीवर दोनदा बघितलं जातं. मुलगा ओबीसी असेल तर केईएमवर आधी खुल्या जागेत बसतो का ते तपासतात, नसेल तर ओबीसीच्या जागेत. तिथेही नाही तर पुढचं कॉलेज. खुल्या जागेचा अर्थ सगळ्यांसाठी खुली असा आहे, 'फक्त ओपनवाल्यांची' असा नाही. यावरून जितकी भांडणं होतात तितकी कशावरूनच होत नसतील.

मग ही भीती आली कुठून?

मला वाटतं, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातून. तिथे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे 'पहिला पर्याय जपून' ही सवय घराघरात रुजली, आणि दोन वर्षांनी तीच सवय मेडिकलच्या फॉर्मवर येऊन बसते. शिवाय 'पसंतीक्रम भरून देऊ' अशा पाट्या लावून जे बसलेत, त्यांचा धंदाच या भीतीवर चालतो. यादी मनाच्या क्रमाने भरा, एवढंच सांगितलं तर त्यांना पैसे कोण देईल?

"पण मग कटऑफ बघायचाच नाही का?"

बघायचा, पण यादीचा क्रम ठरवायला नाही. यादी किती लांब हवी, हे ठरवायला. तुमच्या रँकला मागच्या दोन-तीन वर्षांत काय लागलं होतं, त्याच्या बऱ्याच खालपर्यंत यादी गेली पाहिजे. केईएम, बी. जे., जे. जे. ला जोडलेलं ग्रँट मेडिकल आणि नागपूर अशी चार नावं टाकून फॉर्म बंद करणारी मुलं असतात, आणि मग जागा शिल्लक असूनही त्यांना काही लागत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. लागलं तर जाणार नाही, असं कॉलेज यादीत टाकायचंच नाही. बहुतेक वेळा अडचण फीची असते. राज्यातल्या खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, तरी ती सरकारी कॉलेजच्या कित्येक पट असते. काही अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते, आणि अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट तपासून बघावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी कॉलेजांचा संस्थात्मक (मॅनेजमेंट) कोटा यात येत नाहीत. जे खाजगी कॉलेज मुलासाठी परवडत नाही म्हणून सोडलं असतं, ते मुलीसाठी यादीत येऊ शकतं.

फेऱ्या, आणि जिथे खरंच सावध राहायचं ती जागा

आतापर्यंत सांगितलं ते एका फेरीपुरतं होतं. फेऱ्या अनेक असतात आणि धोका असलाच तर तो फेऱ्यांच्या मध्ये असतो.

एमसीसीकडे साधारण चार फेऱ्या: पहिली, दुसरी, तिसरी आणि उरल्यासुरल्या जागांची शेवटची स्ट्रे फेरी. पहिल्या फेरीत लागलेली जागा घेतली नाही तरी चालतं, अनामत जात नाही. ऑल इंडिया कोट्यासाठी ही अनामत खुल्या प्रवर्गाला १०,००० रुपये आणि एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ५,००० असते. अभिमत विद्यापीठांसाठी ती थेट २ लाख. दुसऱ्या फेरीपासून जागा सोडली की अनामत जप्त. स्ट्रे फेरीत जागा लागली आणि गेला नाहीत, तर पैसे तर जातातच, पुढच्या वर्षाच्या नीटवरही गदा येते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायचा विचार असेल तर स्ट्रे फेरीत गंमत म्हणून नाव घालू नका.

आता 'अपग्रेडेशन'. पहिल्या फेरीत लागलेल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा आणि पुढच्या फेरीत आणखी चांगल्यासाठी थांबायचं, याला हा शब्द. त्यातली मेख अशी: पुढच्या फेरीत वरचं काही लागलं की जुनी जागा त्याच क्षणी आपोआप जाते आणि ती दुसऱ्याला दिली जाते. परत येता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या नव्या यादीत, हातात असलेल्या कॉलेजपेक्षा खरोखर जास्त हवी असलेली कॉलेजंच टाकायची. पहिल्या फेरीचीच लांबलचक यादी पुन्हा चिकटवून मोकळं झालं, तर सोलापूर हातात असताना तुम्हीच मागितलेलं दुसरं कुठलं तरी कॉलेज पदरात पडू शकतं. कॉम्प्युटरला वाटतं, तुम्हाला ते जास्त हवं होतं. तुम्हीच तर लिहून दिलंय.

राज्याच्या प्रक्रियेत 'स्टेटस रिटेन्शन' नावाचा फॉर्म असतो. मिळालं त्यात समाधान आहे, पुढच्या फेऱ्यांत मला धरू नका, असं त्यातून कळवायचं. तो भरला की विषय संपला. कॉलेजच्या काउंटरवर कुणी "हे पण भरून टाका" म्हटलं म्हणून सही करायचा हा कागद नाही.

"तरी आमच्यापेक्षा मागच्या रँकला चांगलं कॉलेज लागलंच की!"

हा आक्षेप खोटा नाही. यादी मनाप्रमाणे भरली असेल आणि प्रवर्ग तोच असेल, तर एका फेरीच्या आत असं होत नाही, पण फेऱ्यांच्या मध्ये होऊ शकतं. वरच्या रँकचा मुलगा दुसऱ्या फेरीत जागा घेऊन बसतो. नियमाप्रमाणे त्यापुढे तो प्रक्रियेबाहेर असेल, आणि नंतर एखाद्या चांगल्या कॉलेजात जागा रिकामी झाली किंवा नव्याने मंजूर झाली, तर ती उरलेल्यांमध्ये वाटली जाते. वरच्या रँकचा मुलगा बाहेर बसून बघत राहतो.

हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. पदव्युत्तर प्रवेशांच्या २०२१-२२ च्या प्रक्रियेत मॉप-अप (उरलेल्या जागांच्या) फेरीच्या वेळी १४६ नव्या जागा आल्या. आधीच्या फेऱ्यांत जागा घेतलेल्या वरच्या रँकच्या डॉक्टरांना त्या मागताच येईनात. ३१ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने ती अख्खी फेरी रद्द केली आणि या जागांसाठी खास फेरी घ्यायला लावली. म्हणजे पद्धतीत फट आहे हे न्यायालयालाही दिसलं. पण ती फट पसंतीक्रम वेगळा भरून बुजत नाही. कुणाच्याही हातात नसलेल्या गोष्टीसाठी सायलीने नांदेड वर टाकण्यात शहाणपणा नाही.

कागद

रँकपेक्षा कागदांमुळे जास्त जागा हुकतात असं वाटावं, इतके किस्से या काळात ऐकू येतात. सगळी यादी इथे देत नाही, ती माहितीपुस्तिकेत असते आणि पुस्तिका दर वर्षी नवी निघते. पण एक गोष्ट समजून घ्या: राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला वेगळे. ऑल इंडिया कोट्यात ओबीसीचा लाभ घ्यायचा तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतं. तहसीलमधून मिळालेलं नेहमीचं राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाहीच. ईडब्ल्यूएसचाही नमुना दोन्हीकडे निराळा. आणि जातवैधता! तिचा अर्ज अकरावीतच टाकावा. निकालानंतर समितीच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये.

आणखी एक बारीक अडचण. दिल्लीच्या रांगेतून लागलेल्या कॉलेजात मूळ कागदपत्रं जमा करावी लागतात, आणि तेवढ्यात राज्याच्या यादीत घराजवळचं कॉलेज लागतं. आता कागद तिकडे, प्रवेशाची मुदत इकडे. अशा वेळी एमसीसीच्या पोर्टलवरूनच ऑनलाइन राजीनामा निघाला पाहिजे. कॉलेजने साध्या कागदावर शिक्का मारून दिलेला राजीनामा ते धरत नाहीत, आणि तुमचं नाव जुन्याच जागेवर राहतं. त्यामुळे कारकुनाने "झालं तुमचं, जा" म्हटलं तरी पोर्टलवरून निघालेल्या राजीनाम्याची प्रिंट हातात येईपर्यंत तिथून हलू नका.

एएफएमसीचं वेगळं

पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज अनेकांच्या मनात असतं, म्हणून थोडक्यात. तिथेही नीट लागते आणि नोंदणी एमसीसीच्या साइटवरच होते, पण तिथे फक्त रँकवर जागा मिळत नाही. निवडलेल्या मुलांना पुण्याला बोलावून इंग्रजी आणि तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेतात, शिवाय वैद्यकीय तपासणी. मुलींच्या जागा मुलांच्या मानाने बऱ्याच कमी. शिक्षणानंतर सैन्यदलात सेवा करावी लागते. त्यामुळे सायलीच्या उदाहरणातला हिशोब इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

"ओळखीचा एक माणूस आहे, मॅनेजमेंटमधून करून देतो म्हणतो"

खाजगी कॉलेजांत १५ टक्के संस्थात्मक कोटा असतो, हे खरं. एनआरआयच्या जागाही त्यातच. फी जास्त असते, हेही खरं. पण त्यासाठीसुद्धा नीटमध्ये पात्र व्हावं लागतं, सीईटी सेलकडे नोंदणी लागते, आणि त्या जागाही गुणवत्ता यादीनेच भरायच्या असतात. अभिमत विद्यापीठांच्या जागा तर २०१७ पासून एमसीसीमार्फतच जातात. तेव्हा कुणी रोख रक्कम मागून "जागा ब्लॉक केली आहे" म्हणत असेल, तर त्याला फक्त एक विचारा: कुठल्या फेरीत, कुठल्या यादीत, कितव्या क्रमांकाला? पावती मात्र तो आपणहून देणार नाही आणि मागितली तरी देणार नाही.